वर्दी बदलली, हिशेब बाकी

संघर्ष संपल्यानंतर पोलीस दल कसे सुधारावे याचा आदर्श म्हणून उत्तर आयर्लंडचे नाव जगभर घेतले जाते. तेथे दलाचे नाव बदलले, बोधचिन्ह बदलले, भरतीचे नियम बदलले आणि तक्रारीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. परंतु जुन्या अत्याचारांचा जाब कोणी द्यायचा, हा प्रश्न त्या आराखड्याबाहेर राहिला आणि पाव शतक उलटले तरी तो नव्या दलाची पाठ सोडत नाही.

कोणतीही यादवी संपते तेव्हा राज्यकर्त्यांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या पोलीस दलाने त्या काळात समाजातील एका गटावर बंदूक रोखली, त्या दलाचे करायचे काय? ते बरखास्त करावे, तर कायदा आणि सुव्यवस्था राखायची कोणी? आणि जसेच्या तसे ठेवावे, तर ज्यांनी मार खाल्ला त्यांनी तक्रार घेऊन त्याच ठाण्याची पायरी चढायची कशी? उत्तर आयर्लंडमध्ये १० एप्रिल १९९८ रोजी 'गुड फ्रायडे करार' झाला, तेव्हा वाटाघाटी करणाऱ्यांसमोर हाच पेच होता. तो इतका नाजूक होता, की त्याचे उत्तर करारात लिहिणे कोणालाच जमले नाही. अखेर हे काम एका स्वतंत्र आयोगाकडे सोपविण्यात आले.

एका समाजाचे पोलीस

आयर्लंडची १९२१ मध्ये फाळणी झाली आणि उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तेथे १९२२ मध्ये 'रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी' म्हणजे आरयूसी हे सशस्त्र पोलीस दल स्थापन झाले. या प्रांतात ब्रिटनशी एकनिष्ठ असलेले प्रोटेस्टंट बहुसंख्य होते, तर अखंड आयर्लंडचे स्वप्न पाहणारे कॅथलिक अल्पसंख्य. घरवाटप, नोकऱ्या आणि मताधिकार यांतील भेदभावाविरुद्ध साठच्या दशकाच्या अखेरीस कॅथलिकांनी नागरी हक्कांची चळवळ सुरू केली. तिच्या मोर्चांवर आरयूसीच्या लाठ्या चालल्या आणि तेथूनच तीन दशकांच्या रक्तपाताला तोंड फुटले. जेमतेम पंधरा-सोळा लाख लोकवस्तीच्या या प्रांतात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅथलिकांचा लोकसंख्येतील वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक होता. आरयूसीत मात्र ते सुमारे आठ टक्केच होते. याला दोन कारणे होती. एकीकडे या समाजाचा दलावर विश्वास नव्हता. दुसरीकडे, जो कॅथलिक तरुण भरती होई, त्याला 'आयरिश रिपब्लिकन आर्मी' म्हणजे आयआरए गद्दार ठरवून टिपत असे.

अविश्वासाला सबळ आधारही होते. १९७१ मध्ये विनाचौकशी स्थानबद्धता सुरू झाली, तेव्हा निवडक १४ कैद्यांची 'खास' पद्धतीने चौकशी करण्यात आली. डोक्यावर बुरखा घालणे, तासन् तास भिंतीला टेकवून उभे करणे, कर्कश आवाज ऐकवणे, झोपू न देणे आणि अन्नपाणी तोडणे अशी तिची पाच तंत्रे होती. १९७८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही वागणूक अमानुष व मानहानिकारक ठरविली. पाठोपाठ १९७९ मध्ये बेनेट समितीचा अहवाल आला. कोठडीत झालेल्या काही जखमा आरोपींनी स्वतःच करून घेतलेल्या नव्हत्या, असे तिने वैद्यकीय पुराव्यांवरून नमूद केले.

१९८२ चे प्रकरण तर मुंबईच्या वाचकाला 'चकमक' या एकाच शब्दात उमगेल. आर्माघ परगण्यात पोलिसांच्या विशेष पथकाने तीन घटनांत सहा जणांना गोळ्या घातल्या. मृतांपैकी कोणाकडेही वापरता येईल असे भरलेले शस्त्र नव्हते. एका खटल्यात तर खबऱ्याचे नाव झाकण्यासाठी वरिष्ठांनीच खोटा वृत्तान्त द्यायला सांगितल्याचे उघड झाले. चौकशीसाठी १९८४ मध्ये मँचेस्टरचे अधिकारी जॉन स्टॉकर यांना पाचारण करण्यात आले. एका गोळीबाराची ध्वनिफीत मिळविण्याच्या ते बेतात असतानाच, १९८६ मध्ये त्यांना चौकशीतून दूर केले गेले. त्यांच्यावर ठेवलेल्या आरोपांतून ते पुढे मुक्त झाले, पण चौकशी मात्र त्यांच्याकडे परत आली नाही. न्यायाच्या मार्गात अडथळा आणल्याचे पुरावे असूनही राष्ट्रहितासाठी खटले भरले जाणार नाहीत, असे जानेवारी १९८८ मध्ये ब्रिटनच्या ॲटर्नी जनरलनी संसदेत जाहीर केले.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या तीन दशकांत आरयूसीचे तीनशेहून अधिक पोलीस मारले गेले. अनेक जण कामावर नसताना, घराच्या दारात, मुलांदेखत मारले गेले. सकाळी मोटार सुरू करण्यापूर्वी खाली वाकून बॉम्ब नाही ना हे पाहणे, हा तेथील पोलिसांचा नित्यक्रम होता. ज्यांना एक समाज अत्याचारी म्हणत होता, त्यांनाच दुसरा समाज आपले रक्षणकर्ते मानत होता. सुधारणेचा प्रश्न अवघड होता तो या दुहेरी स्मृतीमुळे.

पॅटन यांचा आराखडा

हाँगकाँगचे अखेरचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग नेमला गेला. आयोगाने गावोगावी जाहीर सभा घेतल्या. त्यांना सुमारे दहा हजार लोक आले आणि हजाराहून अधिक जण बोलले. सप्टेंबर १९९९ मध्ये सादर झालेल्या अहवालात १७५ शिफारशी होत्या. पोलीस हे राज्यसंस्थेचे हत्यार नसून समाजाने स्वीकारलेली सेवा आहे आणि मानवी हक्कांचे रक्षण हेच तिचे मूळ काम आहे, असा त्यांचा गाभा होता.

नोव्हेंबर २००१ मध्ये आरयूसीची जागा 'पोलीस सर्व्हिस ऑफ नॉर्दर्न आयर्लंड' म्हणजे पीएसएनआयने घेतली. 'रॉयल' शब्द गेला आणि 'दल'ऐवजी 'सेवा' आली. नव्या बोधचिन्हात मुकुटाच्या जोडीला आयरिश वीणा आणि शॅमरॉकचे पानही आले. शपथेत सर्व व्यक्ती, परंपरा व श्रद्धांना समान आदर देण्याचे वचन आले. दलावर देखरेखीसाठी १९ सदस्यांचे पोलीस मंडळ स्थापन झाले. त्यात दहा लोकप्रतिनिधी आणि नऊ स्वतंत्र नागरिक होते. पोलीसप्रमुखाची निवड, अंदाजपत्रक आणि कामगिरीचे मूल्यमापन हे अधिकार या मंडळाला मिळाले.

सर्वाधिक वाद झाला तो भरतीच्या नियमावरून. पात्र उमेदवारांतून निम्मे कॅथलिक आणि निम्मे इतर अशी निवड २००१ पासून दहा वर्षे करण्यात आली. प्रोटेस्टंट तरुणांना हा अन्याय वाटला. परंतु २०११ मध्ये हा नियम संपला, तेव्हा दलातील कॅथलिकांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले होते. केवळ आवाहने करून हे साधले नसते.

आणखी एक शिफारस विशेष महत्त्वाची होती. गुप्त माहिती गोळा करणारी 'स्पेशल ब्रँच' ही दलातील स्वतंत्र संस्थानच झाली होती. खबऱ्यांची माहिती ती तपास अधिकाऱ्यांपासूनही लपवीत असे. तिचे हे वेगळेपण मोडून तिला गुन्हे तपास शाखेसह एकाच वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अधिकाराखाली आणावे, असे पॅटन यांनी सुचविले.

या शिफारशी कागदावर राहू नयेत म्हणून बाहेरचा पर्यवेक्षण आयुक्त नेमण्यात आला. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी संस्थेचे माजी प्रमुख टॉम कॉन्स्टंटाइन हे पहिले आयुक्त होते. कोणती शिफारस अमलात आली आणि कोणती रखडली, याचा जाहीर अहवाल हे कार्यालय २००७ पर्यंत ठरावीक काळाने देत राहिले. आयआरएची राजकीय शाखा असलेल्या 'शिन फेन' पक्षाने जानेवारी २००७ मध्ये पोलिसांना पाठिंबा देण्याचा ठराव केला. दहा वर्षांपूर्वी तो कोणी कल्पिलाही नसता.

तक्रारीचे स्वतंत्र दार

या रचनेतील सर्वांत धारदार अवयव म्हणजे पोलीस लोकपाल. नोव्हेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या या कार्यालयाच्या पहिल्या प्रमुख होत्या नुआला ओलोन. पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनीच तपासायची, ही जुनी रीत येथे संपली. लोकपालाकडे स्वतःचे तपास अधिकारी असतात आणि त्यांना अटक, झडती व पुरावे ताब्यात घेण्याचे पोलिसी अधिकार असतात. पोलिसांच्या कृतीमुळे मृत्यू ओढवला असण्याची शक्यता असेल, तर कोणी तक्रार करण्याची वाट न पाहता प्रकरण आपोआप लोकपालाकडे जाते. जुने प्रकरण अतिगंभीर असल्यास तेही तपासता येते.

ओमा गावात १९९८ मध्ये फुटीर गटाने केलेल्या स्फोटात २९ जण ठार झाले होते. पोलिसांना आधी मिळालेली माहिती आणि नंतरचा तपास या दोन्हींच्या हाताळणीवर लोकपालांनी डिसेंबर २००१ मध्ये कठोर ठपका ठेवला. त्यानंतर जानेवारी २००७ चा अहवाल अधिकच हादरविणारा ठरला. उत्तर बेलफास्टमध्ये ठार झालेल्या एका तरुणाच्या वडिलांच्या तक्रारीवरून हा तपास सुरू झाला होता. खून, खंडणी व अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत गुंतलेल्या खबऱ्यांना स्पेशल ब्रँचने पाठीशी घातले आणि त्यांना पैसेही दिले, असा त्याचा निष्कर्ष होता. आराखड्यातील मोठी उणीवही याच तपासात उघडी पडली. काही निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सहकार्य नाकारले, महत्त्वाचे दस्तऐवज सापडेनात आणि निवृत्तांना जबाब देण्यास भाग पाडण्याचा अधिकार लोकपालाला नव्हता.

राहून गेलेली बाजू

पॅटन आयोगाचे काम पुढे पाहण्याचे होते. व्यक्तिशः कोणी काय केले याचा निवाडा करणे त्याच्या कार्यकक्षेत नव्हते. कोणाचाही पूर्वेतिहास तपासून त्याला वगळण्याची पद्धत अवलंबिली गेली नाही. उलट, संख्या कमी करण्यासाठी भरघोस स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली आणि अनेक जुने अधिकारी सन्मानाने घरी गेले. राजकीयदृष्ट्या हा शहाणपणा होता. ज्या दलाचे तीनशे सहकारी मारले गेले, त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले असते, तर प्रोटेस्टंट समाजाने करारावरच पाणी सोडले असते. शिवाय त्याच कराराने दोन्ही बाजूंचे शिक्षा झालेले सशस्त्र कैदी दोन वर्षांत सोडले होते. सर्वांनाच काही ना काही सवलत मिळाली होती. हिशेब मागायचे राहिले होते ते मृतांच्या नातलगांचे.

त्यांच्यासाठी २००५ मध्ये पीएसएनआयच्याच अंतर्गत 'हिस्टॉरिकल एन्क्वायरीज टीम' नेमण्यात आली. तीन हजारांहून अधिक मृत्यूंचा तिने फेरआढावा घ्यायचा होता. परंतु २०१३ मध्ये ब्रिटनच्या पोलीस निरीक्षकालयाने तिच्यावर ताशेरे ओढले. जेथे मृत्यू सैनिकांच्या हातून झाला होता, तेथे हे पथक तपासाची पट्टी सैल करीत होते. २०१४ मध्ये पथक गुंडाळले गेले. त्याच वर्षी सर्वपक्षीय समझोत्यात स्वतंत्र तपास विभागाचे ठरले, पण तो विभाग कधीच अस्तित्वात आला नाही.

लॉकिनआयलंडचे प्रकरण

अपुऱ्या हिशेबाची किंमत नव्या दलाला कशी मोजावी लागते, हे एका प्रकरणावरून स्पष्ट होते. १८ जून १९९४ रोजी लॉकिनआयलंड या खेड्यातील मद्यगृहात लोक विश्वचषकातील आयर्लंड-इटली सामना पाहत होते. प्रोटेस्टंट अतिरेकी संघटना यूव्हीएफच्या बंदूकधाऱ्यांनी आत शिरून गोळीबार केला. सहा कॅथलिक ठार झाले. मारेकऱ्यांची मोटार दुसऱ्याच दिवशी सापडली, पण पुढे पोलिसांनीच हा पुरावा नष्ट होऊ दिला. आजवर एकाही व्यक्तीला या हत्याकांडात शिक्षा झालेली नाही.

नातलगांनी लोकपालाकडे धाव घेतली. २०११ मध्ये तत्कालीन लोकपालांनी पोलीस व मारेकरी यांच्यात संगनमत नसल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी लोकपाल कार्यालयाच्या स्वातंत्र्याविषयी एका अधिकृत तपासणीत गंभीर शंका व्यक्त झाल्या आणि लोकपालांना मुदतीआधी पद सोडावे लागले. न्यायालयाने तो अहवाल रद्द केला. नवे लोकपाल मायकल मॅग्वायर यांनी २०१६ मध्ये नेमका उलट निष्कर्ष काढला आणि संगनमत हा या प्रकरणाचा महत्त्वाचा भाग असल्याचे नमूद केले. स्वतंत्र यंत्रणा एकदा उभारली म्हणजे ती कायम स्वतंत्र राहते असे नाही, हा याचा पहिला धडा.

दुसरा धडा अधिक कडू आहे. या हत्याकांडावर २०१७ मध्ये 'नो स्टोन अनटर्न्ड' हा माहितीपट निघाला आणि त्यात संशयितांची नावे घेतली गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये पोलीस पहाटे दोन घरांवर धडकले, पण ती घरे मारेकऱ्यांची नव्हती. ट्रेव्हर बर्नी आणि बॅरी मॅककॅफ्री या त्या माहितीपटाशी संबंधित पत्रकारांना, गोपनीय कागद मिळविल्याच्या संशयावरून, अटक झाली. न्यायालयाने २०१९ मध्ये झडतीचे वॉरंट अवैध ठरविले आणि पुढे पोलिसांना नुकसानभरपाईही द्यावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या तपास अधिकार न्यायाधिकरणाने या पत्रकारांवर बेकायदा पाळत ठेवल्याचा निर्णय दिला. ही कृती आरयूसीची नव्हती. नवे नाव, नवी शपथ आणि नवे बोधचिन्ह धारण केलेल्या सेवेची होती.

काळाचा डाव

वकील पॅट फिनुकेन यांची १९८९ मध्ये घरी जेवणाच्या टेबलावर कुटुंबीयांसमोर हत्या झाली. त्यात सुरक्षा यंत्रणांतील काहींचे संगनमत होते, असे २००३ मध्ये पोलीस अधिकारी जॉन स्टीव्हन्स यांच्या चौकशीत निष्पन्न झाले. २०१२ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी संसदेत माफी मागितली. कायद्याला अपेक्षित असलेली परिणामकारक चौकशी अद्याप झालेलीच नाही, असे २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. सार्वजनिक चौकशी जाहीर झाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे हत्येनंतर ३५ वर्षांनी. पाच तंत्रांना बळी पडलेल्या कैद्यांची पीएसएनआयने माफी मागितली ती २०२३ मध्ये. तोवर त्यांतील अनेक जण या जगात उरले नव्हते.

याच २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने हा विषय कायद्याने मिटवण्याचा प्रयत्न केला. संघर्षकाळातील गुन्ह्यांना सशर्त अभय द्यायचे आणि जुने दिवाणी दावे व कॉरोनरसमोरील मृत्युचौकशा थांबवायच्या, असे त्याचे स्वरूप होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे उत्तर आयर्लंडमधील सर्व प्रमुख पक्ष या कायद्याविरुद्ध एकत्र आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने अभयाची तरतूद मानवी हक्क कराराशी विसंगत ठरविली. सत्तांतरानंतर ब्रिटन व आयर्लंड यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त चौकट जाहीर केली आणि पुढच्याच महिन्यात नवे विधेयक संसदेत आले.

निवृत्त पोलिसांचा यावर एक आक्षेप आहे आणि तो सहज झटकता येण्यासारखा नाही. एकूण मृत्यूंपैकी सुमारे साठ टक्क्यांना आयआरए व तत्सम संघटना जबाबदार होत्या, तर सुरक्षा दलांचा वाटा सुमारे दहा टक्के होता. तरीही चर्चा पोलिसांचीच का होते? याचे एक उत्तर दप्तरात आहे. सरकार नोंदी ठेवते, अतिरेकी संघटना ठेवत नाहीत, त्यामुळे शोध सरकारी कपाटापाशीच जाऊन थांबतो. दुसरे उत्तर तत्त्वाचे आहे. अतिरेक्याने केलेला खून हा गुन्हा असतो. कायद्याच्या रक्षकाने खुन्याला पाठीशी घातले, तर तो गुन्हा असतोच, शिवाय न्याय मागण्याची जागाही त्यामुळे नाहीशी होते. तथापि, मारल्या गेलेल्या पोलिसांच्या विधवांनाही आपल्या माणसाचा मारेकरी कोण हे कळलेले नाही, याचा विसर पडून चालणार नाही. अभयाच्या कायद्याने त्यांचाही मार्ग बंद केला असता.

मुंबईपर्यंतचा धागा

हा सारा इतिहास भारतीय वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. आरयूसीचे पूर्वरूप असलेल्या आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवरच चार्ल्स नेपियर यांनी १८४३ मध्ये सिंध प्रांतात पोलीस दल उभारले. तो नमुना पुढे १८६१ च्या पोलीस कायद्यामागे उभा राहिला. जनतेच्या सेवेपेक्षा जनतेवर वचक, ही त्या रचनेची मूळ प्रेरणा होती. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सात निर्देश दिले. राज्य सुरक्षा आयोग आणि पोलीस तक्रार प्राधिकरण यांचा त्यांत समावेश आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अशा प्राधिकरणाची तरतूद केली.

मुंबईचा अनुभव मात्र बेलफास्टच्या उलट क्रमाने गेला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत सुमारे ९०० जण मृत्युमुखी पडले. न्या. बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने पाच वर्षे साक्षीपुरावे तपासले आणि १९९८ च्या अहवालात ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. म्हणजे मुंबईत हिशेब मांडला गेला, पण चौकशी आयोगाचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात आणि त्यांची वसुली कधी पुरती झाली नाही. बेपत्ता व्यक्तींच्या राहिलेल्या वारसांना भरपाई द्या आणि सुप्तावस्थेतील खटले मार्गी लावा, असे सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२२ मध्ये, तब्बल तीस वर्षांनी, सांगावे लागले.

उत्तर आयर्लंडची २०२१ ची जनगणना सांगते, की कॅथलिक पार्श्वभूमीचे नागरिक आता ४५.७ टक्के आहेत. पोलीस दलातील त्यांचा वाटा मात्र एक तृतीयांशाच्या आसपास अडकला आहे. फुटीर गटांच्या धमक्या हे त्याचे एक कारण आहे आणि न मिटलेल्या जुन्या प्रकरणांची सावली हे दुसरे. पॅटन यांच्या आराखड्याने एक चांगले पोलीस दल घडविले, हे निर्विवाद. परंतु ज्या दलाच्या कपाटात जुन्या खुनांच्या फायली बंद आहेत, त्या दलातील नव्या शिपायालाही त्यांचे ओझे वाहावे लागते. ते उतरवण्याचा अधिकार त्या शिपायाकडे नसतो. तो कपाटाच्या किल्ल्या ज्यांच्या हाती आहेत त्या राज्यकर्त्यांकडे असतो.